विश्लेषण : बॉक्सरची शैली रक्तात असते की जिममध्ये घडते? जव्हार-मोखाड्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत भारताची चारही पदके हरयाणाने आणली. त्यामागे खुराक आहे, अंगकाठी आहे की आणखी काही? प्रशिक्षक आणि जिम बॉक्सरची शैली कशी घडवतात आणि पालघरच्या डोंगराळ तालुक्यांतील मुलांसाठी त्याचा अर्थ काय, याविषयी…

सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झालेल्या जागतिक बॉक्सिंग स्पर्धेत भारताच्या मुलींनी चार पदके जिंकली. ५७ किलो गटात जास्मिन लांबोरिया आणि ४८ किलो गटात मीनाक्षी हुडा यांनी सुवर्ण, ८० किलोवरील गटात नुपूर शेओरानने रौप्य आणि ८० किलो गटात पूजा राणीने कांस्य पटकावले. चौघीही हरयाणाच्या. त्यांतल्या तिघी तर एकट्या भिवानी जिल्ह्याच्या.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते: हरयाणाचे दूध-तूप, तिथली अंगकाठी, तिथली रग. अशीच सोपी उत्तरे आदिवासी पट्ट्यातील मुलांबद्दलही दिली जातात. ‘डोंगरातली पोरं मुळातच काटक’ हे वाक्य जव्हार आणि मोखाड्यात जवळपास प्रत्येक क्रीडा स्पर्धेच्या उद्घाटनात ऐकू येते. पण बॉक्सिंगचा इतिहास पाहिला तर रिंगमध्ये दिसणारी शैली रक्तातून कमी आणि एका ठरावीक माणसाकडून, एका ठरावीक खोलीतून जास्त येते.

शैली म्हणजे नेमके काय?

बॉक्सिंगमध्ये शैली म्हणजे दिसायला छान वाटणारी लकब नव्हे. प्रतिस्पर्ध्यापासून किती अंतरावर उभे राहायचे, वजन कोणत्या पायावर ठेवायचे, समोरून ठोसा आला तर मागे सरकायचे, हातावर घ्यायचा की डोके हलवून चुकवायचा आणि चुकवल्यावर लगेच काय करायचे, या प्रश्नांची अंगवळणी पडलेली उत्तरे म्हणजे शैली.

ढोबळमानाने तीन प्रकार सांगता येतात. पहिला, लांबून खेळणारा: पुढच्या हाताचा सरळ ठोसा म्हणजे जॅब वापरून अंतर राखणारा. दुसरा, अंगावर जाणारा: अंतर कापून जवळ पोहोचणारा, हूक आणि अपरकटवर भर देणारा. तिसरा, वाट पाहणारा: समोरच्याला आधी ठोसा मारू देऊन त्याच क्षणी प्रत्युत्तर देणारा. बहुतेक चांगल्या बॉक्सरमध्ये तिन्हींचे मिश्रण असते. पण दडपण आले की प्रत्येक जण आपल्या मूळ सवयीकडे परततो.

ही सवय महत्त्वाची, कारण रिंगमध्ये विचार करायला वेळ नसतो. समोरचा खांदा हलल्यापासून ठोसा पोहोचेपर्यंत सेकंदाचा अगदी छोटा अंश मिळतो. तेवढ्यात शरीर तेच करते, जे त्याने हजारो वेळा केले आहे. ते हजारो वेळा काय करून घ्यायचे, हे प्रशिक्षक ठरवतो. म्हणूनच पहिली दोन-तीन वर्षे कोणाच्या हाताखाली गेली, हे पुढे दहा वर्षे दिसत राहते.

प्रशिक्षक शैली ‘घडवतो’ म्हणजे काय करतो?

याचे सर्वात गाजलेले उदाहरण अमेरिकेचे कस डी’अमाटो. दोन्ही हातमोजे गालांना चिकटवलेले, हनुवटी खाली, शरीर जवळजवळ समोर वळलेले आणि डोके सतत डावी-उजवीकडे हलणारे, अशी त्यांची पद्धत होती. तिला ‘पीक-अ-बू’ हे नाव पडले. लहान मुलांशी हाताच्या ओंजळीआडून ‘कुक’ खेळावे, तसे ते दिसते.

डी’अमाटो यांचे तीन शिष्य जगज्जेते झाले: १९५६ मध्ये हेवीवेट गटात फ्लॉइड पॅटरसन, १९६५ मध्ये लाइट हेवीवेट गटात होजे टोरेस आणि १९८६ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी हेवीवेट गटात माइक टायसन. तिघांचे स्वभाव वेगळे, काळ वेगळा. पण गार्ड एकच. कारण सराव एकच. दोरीला लटकणारी छोटी पिशवी झुलत अंगावर येते आणि ती डोके हलवून चुकवायची. बॅगेवर शरीराच्या भागांना आकडे दिलेले असतात. प्रशिक्षक आकडे पुकारतो आणि बॉक्सर त्या क्रमाने ठोसे मारतो. काही महिन्यांनी आकडा ऐकू येतो आणि हात आपोआप सुटतो.

टायसनचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. हेवीवेटमध्ये तो बुटका होता. उंची सुमारे १७८ सेंटिमीटर. लांब हातांच्या उंच प्रतिस्पर्ध्यांशी दुरून खेळला असता तर तो मार खात राहिला असता. डी’अमाटो यांच्या पद्धतीत उंची कमी असणे हाच फायदा ठरला: ठोशाखालून आत शिरायचे आणि खालून वर मारायचे. म्हणजे शैली शरीराला बसली.

उलट बाजूही तेवढीच बोलकी आहे. डी’अमाटो १९८५ मध्ये वारले. त्यांच्याच तालमीतले केव्हिन रूनी यांनी टायसनला पुढे शिकवले. १९८८ मध्ये रूनी दूर झाले, आणि टायसनच्या डोक्याची ती सततची हालचाल हळूहळू कमी होत गेली. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने त्याला हरवले, तेव्हा तो उंच माणसाच्या जॅबसमोर बराच वेळ स्थिर उभा दिसला. शैली एकदा मिळाली की कायमची राहते असे नाही. तिला रोज राखणारा माणूस लागतो.

जिमचा वाटा किती?

प्रशिक्षक एक असतो, पण बॉक्सर दिवसाचा बराच वेळ जिममधल्या इतरांसोबत घालवतो. डेट्रॉइट शहरातील ‘क्रॉन्क’ हे एका सार्वजनिक क्रीडा केंद्राचे तळघर होते. इमॅन्युएल स्टीवर्ड यांनी १९७० च्या दशकात तिथे शिकवायला सुरुवात केली. जागा छोटी, उकाडा प्रचंड आणि स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, इतकी कडक की प्रत्यक्ष सामना सोपा वाटावा. १९८० मध्ये हिल्मर केंटी आणि थॉमस हर्न्स हे या तळघरातून आलेले दोघे जगज्जेते झाले.

जिम शैली घडवते ती अशी: रोज समोर कोण उभे राहते, यावरून. सगळे सोबती अंगावर येणारे असतील तर मुलगा जागा सोडायला किंवा प्रत्युत्तर द्यायला शिकतो. डावखुरा सोबती कधीच मिळाला नाही, तर स्पर्धेत डावखुरा समोर आल्यावर तो गोंधळतो. रिंग छोटी असेल तर पळायला जागा नसते, म्हणून जवळून खेळण्याची सवय लागते. रिंगच नसेल आणि सराव उघड्या मैदानात असेल तर दोरीला पाठ लागल्यावर काय करायचे, हे मुलाला ठाऊकच नसते.

महाराष्ट्राला ही गोष्ट कुस्तीतून चांगली माहीत आहे. कोल्हापूरच्या लाल मातीत तयार झालेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा मॅटवर आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लढले. फ्लायवेट गटात त्यांना सहावे स्थान मिळाले. लंडनमध्ये अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ताकद मातीची होती. पण मॅटवर ती कशी वापरायची, हे वेगळे शिकावे लागले.

मग एका जिममधले सगळे सारखेच खेळतात का?

नाही. चांगला आणि साधारण प्रशिक्षक यांच्यातला फरक इथेच दिसतो.

थॉमस हर्न्स उंच, सडपातळ. हौशी बॉक्सिंगमध्ये तो जोरदार ठोशांसाठी ओळखला जात नव्हता. स्टीवर्ड यांनी त्याचा तोल आणि उजव्या हाताचा सरळ ठोसा घडवला आणि तोच हर्न्स व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ‘हिटमॅन’ झाला. हेच स्टीवर्ड २००४ पासून युक्रेनच्या व्लादिमिर क्लिचकोला शिकवू लागले. क्लिचको आधीच महाकाय आणि ताकदवान. पण घाईत दमायचा आणि बाद व्हायचा. त्याला स्टीवर्ड यांनी धीर धरायला शिकवले: लांब जॅब, राखलेले अंतर आणि कोणी आत शिरले तर मिठी मारून लढत थांबवणे. एकाला त्यांनी धोकादायक बनवले, दुसऱ्याला सुरक्षित.

भारतातील उदाहरण भिवानीचेच. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे म्हणजे ‘साई’चे प्रशिक्षक जगदीश सिंग यांनी उभ्या केलेल्या भिवानी बॉक्सिंग क्लबचा दबदबा २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दिसला. भारताच्या पाच बॉक्सरपैकी चार भिवानीचे होते. विजेंदर सिंगने ७५ किलो गटात कांस्य जिंकले. ऑलिम्पिक बॉक्सिंगमधील भारताचे ते पहिले पदक. विजेंदर उंच, अंतर राखून प्रत्युत्तर देणारा. त्याच क्लबचा अखिल कुमार मात्र दोन्ही हात खाली सोडून समोरच्याला चिथावणारा. पुस्तकातला कोणताही गार्ड त्यात बसत नाही. पण त्याच पद्धतीने त्याने बीजिंगमध्ये तत्कालीन जगज्जेता रशियाच्या सर्गेई वोदोप्यानोव्हला हरवले. अखिलचे हात जबरदस्तीने वर करायला लावले असते, तर कदाचित तो विजय मिळाला नसता.

भिवानीकडे नेमके काय आहे?

तिथे पिढ्यांची साखळी आहे. सैन्यातील बॉक्सर हवा सिंग यांनी १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत हेवीवेटचे सुवर्ण जिंकले. निवृत्तीनंतर ते भिवानीत शिकवू लागले. त्यांच्या काळात रुजलेल्या केंद्रातून पुढचे बॉक्सर आणि पुढचे प्रशिक्षक आले. लिव्हरपूलची रौप्यविजेती नुपूर ही हवा सिंग यांची नात. तिला वडिलांनीच घडवले. जास्मिनच्या घरात काका बॉक्सर. पुढे सैन्यात भरती झाल्यावर पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट तिच्या वाटचालीचा भाग झाली.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जास्मिन पहिल्याच फेरीत हरली होती. वर्षभराने लिव्हरपूलच्या अंतिम फेरीत तिने पॅरिसची रौप्यविजेती पोलंडची ज्युलिया शेरेमेता हिला ४-१ असे नमवले. उंची आणि लांब हात तिच्याकडे आधीही होते. त्यांचा पूर्ण वापर करायला शिकण्यासाठी वेळ, रोजचे सोबती आणि पराभवानंतरही सोबत राहणारी माणसे लागली.

महाराष्ट्रातही अशी बेटे आहेत. पुण्याचे मनोज पिंगळे १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेट गटात खेळले. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये, तर पुण्याच्या देविका घोरपडेने २०२२ मध्ये युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकले. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीने राज्याला अनेक बॉक्सर दिले. पण ही बेटे शहरांत आहेत आणि एकमेकांपासून दूर आहेत.

नियमांमुळेही शैली बदलते का?

बदलते, आणि प्रशिक्षकाला ते ओळखावे लागते. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरला अंतिम फेरीत वरचढ ठरूनही पराभूत घोषित केले गेले. त्या वादानंतर १९९२ पासून ऑलिम्पिकमध्ये बटण दाबून ठोसे मोजण्याची पद्धत आली. तीन पंचांनी जवळपास एकाच वेळी बटण दाबले तरच गुण. साहजिकच दुरून, स्पष्ट दिसणारे सरळ ठोसे मारणाऱ्यांची चलती झाली. जवळून पोटात मारलेले ठोसे पंचांना दिसायचेच नाहीत.

तेओफिलो स्टीव्हन्सन आणि फेलिक्स सावोन या प्रत्येकी तीन ऑलिम्पिक सुवर्णे जिंकणाऱ्या खेळाडूंना घडवणारी क्युबन पद्धत, म्हणजे हलके पाय, अंतराचा अचूक अंदाज आणि शेवटपर्यंत शांत डोके, याच काळात जगभर अनुकरली गेली. क्युबाचे ब्लास इग्लेसियास फर्नांडिस १९९० च्या दशकापासून भारतीय बॉक्सरना शिकवत होते. २०१२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळवणारे ते पहिले परदेशी प्रशिक्षक ठरले.

२०१३ पासून बटण गेले. आता पाच पंच प्रत्येक फेरी दहा गुणांच्या पद्धतीने तपासतात. ठोशांचा दर्जा, वर्चस्व आणि लढाऊपणा पाहिला जातो. त्यामुळे फक्त मागे सरकत गुण चोरणे पुरेसे ठरत नाही. जुन्या नियमांत वाढलेला प्रशिक्षक जुनीच शैली शिकवत राहिला, तर नुकसान मुलाचे होते.

जव्हार-मोखाड्याचा यात संबंध काय?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यातील जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी, ठाकर या समाजांची लोकसंख्या सुमारे नव्वद टक्के आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला बाहेर पडतात. लढतीच्या खेळाची इथे ओळख नाही असे नाही. जव्हारच्या दरबारी दसऱ्यात कुस्त्या रंगतात. पण बॉक्सिंगची पिढ्यांची साखळी इथे नाही.

इथे ‘काटकपणा’चे मिथक आड येते. चढ-उतारावर चालणाऱ्या मुलाचा दम चांगला असू शकतो. पण दम म्हणजे शैली नव्हे. शेजारचेच उदाहरण पाहता येईल. मोखाड्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकली. तिची गोष्ट अनवाणी धावण्यापासून सांगितली जाते. पण सावरपाड्यातून ग्वांगझूपर्यंतचा रस्ता नाशिकमधून गेला. तिथे प्रशिक्षक विजेंद्र सिंग होते, रोजचे मैदान होते आणि सोबत धावणाऱ्या मुली होत्या. त्याच प्रशिक्षकाकडे नाशिकमध्ये पुढेही धावपटू तयार होत राहिले. डोंगर दोन्ही बाजूंना सारखेच आहेत. फरक पडला तो शिकवणाऱ्या माणसामुळे.

आज या तालुक्यांतील मुलाला बॉक्सिंगमध्ये जायचे असेल तर घर सोडावे लागते. एक वाट राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीची. तिथल्या निवडीत उंची, वजन, धावणे, उडी, मेडिसिन बॉल फेकणे, लवचिकता अशा चाचण्या होतात. दुसरी वाट पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीची. तिथे साधारण ८ ते १४ वयोगटातील मुलांची निवड होते. तिसरी वाट आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा क्रीडा स्पर्धांमधून कोणाच्या तरी नजरेत भरण्याची. या सर्व वाटांवर मुलाची क्षमता मोजली जाते. त्याला कोणती शैली मिळणार, हे मात्र तो कोणत्या दारातून आत गेला, यावर ठरते.

आश्रमशाळा ही अडचण की संधी?

शैली घडायला सातत्य लागते. आई-वडील सहा महिने गावाबाहेर असतील तर घरी राहणाऱ्या मुलाला ते मिळणे कठीण. आश्रमशाळेत मात्र तेच मूल वर्षातील बहुतेक महिने एकाच जागी, एका वेळापत्रकात आणि समवयस्कांच्या गटात असते. बॉक्सिंगच्या भाषेत सांगायचे तर तिथे सोबती आयते आहेत. एकाच वसतिगृहात वेगवेगळ्या उंचीची, वजनाची, डावरी-उजवी मुले असतात. कमतरता असते ती शिकवणाऱ्याची.

इतिहासात याला आधार आहे. टायसनला पहिले ठोसे डी’अमाटो यांनी शिकवले नव्हते. मुलांच्या सुधारगृहातील कर्मचारी आणि माजी बॉक्सर बॉबी स्टुअर्ट यांनी ते शिकवले आणि मग त्याला योग्य जिमकडे नेले. सुधारगृह आणि आश्रमशाळा यांची तुलना होऊ शकत नाही. समान धागा एवढाच की निवासी संस्थेत एक जाणकार माणूस होता आणि मुलगा आपल्या आवाक्याबाहेर जातोय, हे त्याने वेळेत ओळखले.

भारतातील उदाहरण मणिपूरच्या डिंको सिंगचे. अनाथालयात वाढलेल्या डिंकोला ‘साई’च्या ‘स्पेशल एरिया गेम्स’ योजनेने शोधले. आदिवासी, डोंगराळ आणि किनारी भागांतील मुलांसाठीच ही योजना आखली होती. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत डिंकोने ५४ किलो गटात सुवर्ण जिंकले. मेरी कोमसह पुढच्या पिढीने त्याच्याकडे पाहून हातमोजे चढवले आणि मणिपूरमध्ये साखळी सुरू झाली.

या मुलांसाठी कोणती शैली योग्य?

एकच उत्तर देणे चुकीचे ठरेल. पण धोके स्पष्ट आहेत.

पहिला धोका वजनाचा. सध्याच्या आंतरराष्ट्रीय रचनेत पुरुषांचा सर्वात हलका गट ५० किलोचा, महिलांचा ४८ किलोचा आहे. सडपातळ मुलांना बॉक्सिंगमध्ये जागा आहे, ही चांगली बाब. मीनाक्षी हुडा ४८ किलोतच जगज्जेती झाली. मात्र खालच्या गटात बसवण्यासाठी उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, घाम गाळायला लावणे ही या खेळातली जुनी वाईट सवय आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी कुपोषणाचा प्रश्न राज्यासमोर आणला, तो याच जव्हार तालुक्यातून. अशा भागात वाढत्या वयाच्या मुलाचे वजन घटवणे हा प्रशिक्षणाचा भाग होऊच शकत नाही.

दुसरा धोका उष्णतेचा. आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण अधिक आहे. आजार नसलेल्या, पण वाहक असलेल्या मुलालाही अतिश्रम, उकाडा आणि शरीरातील पाण्याची कमतरता एकत्र आल्यास गंभीर त्रास होऊ शकतो. केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले असून सरकारी आरोग्य यंत्रणेत तपासणी होते. सराव सुरू करण्यापूर्वी ही तपासणी आणि हिमोग्लोबिन पाहणे ही पहिली पायरी हवी. क्रॉन्कचे तापलेले तळघर डेट्रॉइटमध्ये गाजले म्हणून मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली त्याची नक्कल करणे धोक्याचे आहे.

तिसरा धोका डोक्याला बसणाऱ्या ठोशांचा. बुटक्या मुलाला सरसकट ‘अंगावर जा’ असे शिकवणे सोपे असते. पण डोके हलवण्याची कला न शिकवता आत शिरायला सांगितले तर तो प्रत्येक वेळी मार खातच आत जातो. टायसनचा आक्रमकपणा आधी बचावातून आला होता. शिवाय वारंवार डोक्यावर बसणाऱ्या ठोशांनी मेंदूला इजा होते, हे आता वैद्यकीयदृष्ट्या स्पष्ट आहे. म्हणून पहिले वर्ष पायांचे, तोलाचे आणि बचावाचे. डोक्यावरच्या ठोशांचे स्पॅरिंग नंतर आणि मोजके, हा क्रम अधिक सुरक्षित.

पायांच्या बाबतीत एक रंजक दाखला आहे. युक्रेनचा दोन वेळचा ऑलिम्पिक विजेता वासिल लोमाचेंको याला वडील आणि प्रशिक्षक अनातोली यांनी लहानपणी काही वर्षे पारंपरिक नृत्य शिकायला पाठवले होते. त्याची बाजूला सरकून कोन बदलणारी पावले जगभर अभ्यासली जातात. जव्हारच्या मुलांना तारप्याच्या सुरावर गोल फेर धरत, एकत्र पावले टाकणे लहानपणापासून माहीत असते. त्यामुळे कोणी आपोआप बॉक्सर होत नाही. मात्र मुलाला आधीच काय येते, हे पाहून तिथून सुरुवात करणारा प्रशिक्षक ‘हात वर, पाय पुढे’ असे सर्वांना एकसारखे ओरडणाऱ्यापेक्षा पुढे जातो.

चांगला प्रशिक्षक ओळखायचा कसा?

पालक आणि शिक्षकांना बॉक्सिंग येत नसले तरी काही गोष्टी पाहता येतात. जिममधला उंच मुलगा आणि बुटका मुलगा वेगवेगळे खेळतात का, की सगळे एकाच साच्यातले आहेत? नवीन मुलाला पहिल्या आठवड्यातच मोठ्यांसमोर उभे केले जाते का? वजन कमी करण्याचा आग्रह होतो का? ठोसा बसल्यावर मुलगा चक्कर येत असल्याचे सांगतो, तेव्हा सराव थांबतो की त्याला हसले जाते? मुलींसाठी वेळ आणि जागा वेगळी राखली आहे का? आणि सर्वात महत्त्वाचे: तोच माणूस पुढच्या वर्षीही तिथे असणार आहे का?

शेवटचा प्रश्न धोरणाचा आहे. क्रीडा संकुल, रिंग, बॅगा यांसाठी एकदा निधी मिळतो आणि उद्घाटन होते. प्रशिक्षकाचे मानधन मात्र दर महिन्याला द्यावे लागते आणि त्याचे फळ दिसायला सात-आठ वर्षे जातात. माजी खेळाडूंना प्रशिक्षक म्हणून काम देणारी ‘खेलो इंडिया’ केंद्रांची कल्पना याच उणिवेवर आहे. जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या आश्रमशाळांपैकी दोन-तीन निवडून तिथे निवासी प्रशिक्षक दीर्घकाळ ठेवणे, त्याला अकोला किंवा पुण्याच्या केंद्राशी जोडणे आणि पुढे जाणाऱ्या मुलासोबत त्याच्या सवयींची नोंद पाठवणे, यासाठी मोठी इमारत लागत नाही.

पुढे काय?

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंग राहणार, हे मार्च २०२५ मध्ये निश्चित झाले. पुरुष आणि महिलांसाठी प्रत्येकी सात गट असतील. आज आश्रमशाळेत सहावीत असलेल्या मुलीसाठी ती स्पर्धा फार लवकर आहे. तिच्यासाठी विचार करायचा तो २०३२ आणि २०३६ चा. म्हणजे तिला पहिला जॅब शिकवणारा माणूस आता हवा. तो आला नाही, तर ती कदाचित पुढे निवड चाचणीत चांगली धावेल, कुठल्या तरी दूरच्या केंद्रात जाईल आणि तिथे जी शैली असेल ती उचलेल. ती तिच्या शरीराला बसली तर उत्तम. नाही बसली, तर ‘मुलगी काटक होती, पण जमले नाही’ असे म्हटले जाईल आणि चूक तिच्या नावावर जमा होईल.